झाड न तोडता छत्री हलवणाऱ्या दादांस

डिशवाले दादा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर एप्रिलमध्येच लिहायचं होतं. त्या दिवशी शिडी खांद्यावर घेऊन तुम्ही निघालात, मी आभार मानायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "आत्ता नको. पावसाळा जाऊ दे, मग काय ते बोला." म्हणून थांबले. आता दसरा झाला, पाऊस गेला, अंगणातलं शेवाळ वाळायला लागलं. आता बोलते. आणि चारचौघांसमोर बोलते, कारण तुम्ही जे काम केलंत ते चारचौघांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमचं घर गुहागर तालुक्यात. घरी अण्णा आणि आई दोघंच. मी ठाण्याला, भाऊ नाशिकला. अण्णांना गेल्या सहा-सात वर्षांत ऐकू येणं फार कमी झालंय. कानाला मशीन लावलं तरी टीव्हीचा आवाज त्यांना नुसता गलका वाटतो. त्यामुळे ते बातम्या ऐकत नाहीत, वाचतात. सह्याद्रीवर बातम्या लागल्या की खुर्ची पुढे ओढायची आणि पडद्याखालची पट्टी ओठ हलवत वाचायची. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, गप्पांशिवाय त्यांना चैन पडत नाही. सकाळी थांब्यावर जाऊन चार माणसांत बोलतात ते या पट्टीच्या जोरावर. पट्टी दिसेनाशी झाली तेव्हा ते थांब्यावर जायचेच बंद झाले. "काय बोलायचं तिथं जाऊन?" म्हणायचे.

आमची छत्री अण्णांनी २००८ साली स्वतःच्या हातांनी बसवली होती. दूरदर्शनची ही फुकट डिशची सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. आमच्या गावात ती पोचायला वेळ लागला. त्याआधी आमच्याकडे बांबूला बांधलेला अँटेना आणि पडद्यावर मुंग्या. अण्णा न्हाणीघराच्या स्लॅबवर चढून छत्री फिरवतायत, आई खिडकीतून ओरडतेय, "आलं, आलं... गेलं!" आणि मी दोघांच्या मधे अंगणात उभी राहून आईचं ओरडणं वर पोचवतेय, हे मला अजून जसंच्या तसं आठवतं. संध्याकाळी चित्र स्वच्छ आलं तेव्हा अर्धी वाडी आमच्या पडवीत बसली होती. एकदा खर्च केला की महिन्याचा पैसा नाही, याचं अण्णांना फार अप्रूप होतं. पेन्शनीतल्या माणसाला ते आजही आहे.

गेली दोन वर्षं मात्र हाल होते. चित्राचे चौकोन व्हायचे, मधेच माणूस अर्धा हात वर करून थिजून जायचा. ढग नुसते जमले तरी सिग्नल जायचा. भावाने दिवाळीत बत्तीस इंची नवा टीव्ही आणून दिला, पण त्याला जोडला तो जुनाच बॉक्स, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा. मोठ्या पडद्यावर चित्र आणखी विटकं झालं. माणसं बुटकी आणि रुंद दिसायला लागली. मग कुणीतरी रिमोटवरून चित्र मोठं करून दिलं, त्यात माणसं सरळ झाली पण खालची पट्टीच कापली गेली. आमच्यापैकी कुणाच्या हे लक्षातसुद्धा आलं नाही. आम्हाला आवाज ऐकू येतो ना.

तुमच्याआधी एकांना बोलावलं होतं. ते दहा मिनिटं थांबले, स्लॅबवर चढलेसुद्धा नाहीत. अंगणातूनच म्हणाले, हे सगळं भंगारात टाका, समोरचं कलम तोडा आणि महिन्याच्या पॅकचं कनेक्शन घ्या. ते कलम म्हणजे आमचं दारचं हापूसचं. अण्णांनी छत्री बसवली तेव्हा ते त्यांच्या खांद्याएवढं होतं. त्या रात्री अण्णा जेवताना काहीच बोलले नाहीत. सकाळी मला फोनवर आईकरवी सांगितलं, "टीव्ही नको. राहू दे."

मग आईच्या माहेरच्या ओळखीतून तुम्ही आलात. योगायोगाने मी त्या आठवड्यात घरी होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

तुम्ही आधी टीव्हीपुढे बसलात. बॉक्सचा मेनू उघडून दोन पट्ट्या दाखवल्यात. "ही स्ट्रेंथ. ही भरलेली दिसते म्हणून लोक फसतात. वायर जोडलेली आहे एवढंच ती सांगते. बघायची ती ही, क्वालिटी." क्वालिटी वर-खाली उड्या मारत होती. मग तुम्ही अंगणात गेलात आणि बराच वेळ नुसते आग्नेयेकडे वर बघत उभे राहिलात. मला वाटलं आता कलमाचा विषय निघणार. तो निघाला, पण वेगळाच निघाला. तुम्ही हात वर करून म्हणालात, "आपल्याकडून उपग्रह साधारण साठ अंशांवर दिसतो, चांगला उंच आहे. छत्री एक हात मागे घेतली की झाडाला पावणेदोन हात उंची फुकट मिळते. झाड कशाला तोडायचं? आपणच आठ पावलं मागे जाऊ." मी ते अण्णांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि काही न बोलता गोठ्यामागे पहार आणायला गेले. खांबासाठीचा खड्डा त्यांनीच खणायला घेतला, आठवतंय ना? तुम्ही नको नको म्हणत होतात.

छत्री खाली उतरवल्यावर तुम्ही जे केलंत ते मी कधी पाहिलं नव्हतं. खिशातून सुतळीचे दोन तुकडे काढलेत. एक छत्रीच्या काठापासून काठापर्यंत उभा ताणून बांधलात, दुसरा आडवा. "काठ सरळ असेल तर मधोमध दोऱ्या एकमेकींना टेकतात." आमच्या दोऱ्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट होती. माडाचं झाप पडून छत्री कधीतरी पिळवटली होती आणि डोळ्यांना ते कळत नव्हतं. नवी छत्री गळ्यात मारायला याहून सोपी वेळ कुठली? तुम्ही ती पोत्यावर पालथी घातलीत, एका काठाला पाय, दुसऱ्याला दोन्ही हात, आणि हळूहळू दाब देत गेलात. मधेच थांबून फट बघायची, पुन्हा दाब. शेवटी दोन्ही दोऱ्या टेकल्या आणि तुम्ही बोटाने वरची दोरी छेडलीत तर खालचीही थरथरली. अण्णा वाकून ते बघत होते. त्यांची छत्री भंगारात गेली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

एलएनबी, म्हणजे छत्रीच्या पुढच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा, मात्र बदलावाच लागला, त्याच्या तोंडावरचं प्लॅस्टिक उन्हाने तडकून आत ओल गेली होती. पण खरा चोर वायरीत निघाला. अण्णांनी वर्षानुवर्षं वायर तुटेल तिथं पीळ देऊन काळी पट्टी गुंडाळली होती, असे चार जोड. तुम्ही एका जोडावरची पट्टी सोडवलीत तर आतली तार हिरवी पडलेली, बाहेरची जाळी हाताला पिठासारखी लागत होती. खाऱ्या हवेने खाल्लेली. तुम्ही समजावलंत, की याच एका वायरीतून वरून सिग्नल खाली येतो आणि बॉक्सकडून एलएनबीला वीजही याच वायरीतून वर जाते, तेव्हा जोड खराब झाला की दोन्हीकडून मार बसतो. म्हणून १८ मीटरची सलग वायर टाकलीत, मधे एकही जोड नाही. पिनेवर रबराची टोपी चढवलीत. आणि भिंतीतून आत घेण्याआधी वायरीला खाली एक झोळ दिलात, पाणी ओघळत येऊन तिथंच ठिबकावं, घरात शिरू नये म्हणून. इतक्या वर्षांत पावसाळ्यात आमच्या खिडकीशी भिंत का ओली होते ते मला त्या झोळाने कळलं.

बॉक्सबद्दलही तुम्ही आधी खरं ते सांगितलंत. जुन्याला फक्त एमपेग-२ ही चित्र पाठवायची जुनी पद्धत कळते, आता बऱ्याच वाहिन्या एमपेग-४ या नव्या पद्धतीने येतात, त्या तो कितीही शोधला तरी पकडणार नाही, तेव्हा हा खर्च टळणार नाही. बॉक्स १,१५० रुपये, एलएनबी २८०, वायर ३६०, मजुरी ४००. सगळे मिळून २,१९०. सकाळी साडेनऊला आलात, निघालात तेव्हा दुपार टळून गेली होती. चारशे रुपयांत एवढा वेळ आणि एवढी कळकळ मिळत नाही, दादा. तुम्ही वरचे पैसे घेतले नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवते.

छत्री लावताना तुमच्या हातात सिग्नल बघायचा छोटा मीटर होता, ओरडाओरडीची गरज नव्हती. तरी आई टीव्हीपुढे बसून खिडकीतून आकडे सांगत राहिली आणि तुम्ही प्रत्येक आकड्याला "बरं काकू!" म्हणत राहिलात. शेवटी एलएनबी नखभर फिरवलात आणि आई ओरडली, "ब्याऐंशी!" तिला इतक्या जोरात ओरडताना मी कित्येक वर्षांनी ऐकलं.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. नवा बॉक्स एचडीएमआयने जोडून झाला, चित्र लख्ख आलं, आम्ही म्हटलं झालं काम. तुम्ही निघाला नाहीत. तुम्ही टीव्हीकडे बघतच नव्हतात, अण्णांकडे बघत होतात. ते पडद्याच्या खालच्या कडेला काहीतरी शोधतायत हे तुम्हाला दिसलं. आम्हाला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. तुम्ही रिमोट घेतलात, मोठं केलेलं चित्र परत मापात आणलंत, आणि खालून पूर्ण पट्टी वर आली. मग अण्णांच्या खांद्याला हात लावून पट्टीकडे बोट दाखवलंत. अण्णांनी ती मोठ्याने वाचून दाखवली, थांब्याची नावं पुकारायचे तशी. आई स्वयंपाकघरात निघून गेली. मीही तिच्या मागे गेले.

त्यानंतर तुम्ही बॉक्सचं खोकं मागितलंत आणि त्यावर जाड पेनाने मोठ्या अक्षरांत सगळं लिहून दिलंत, कारण त्यांना सांगून उपयोग नाही, वाचायला दिलं पाहिजे, हे तुम्ही ओळखलंत. कुठलं बटण कशाला ते. जोराचा पाऊस असेल तेव्हा सिग्नल जाईल, पाऊस ओसरला की आपोआप येईल, वर चढायचं नाही. "वर चढायचं नाही" खाली दोन रेघा. मार्चच्या मध्यावर आणि सप्टेंबरच्या अखेरीस काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ चित्र जाईल, कारण तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तो बिघाड नाही. अण्णांनी विचारलं म्हणून हेही लिहिलंत, की त्यांनी २००८ साली छत्री लावली ती इन्सॅट-४बी कडे बघून, आता सिग्नल येतो तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या जीसॅट-१५ वरून, पण दोघांची जागा एकच, ९३.५ अंश पूर्व. म्हणून वरचा उपग्रह बदलला तरी त्यांच्या छत्रीची दिशा चुकली नव्हती. हे वाचून अण्णा किती खूश झाले ते तुम्ही पाहिलंतच. थांब्यावर हा किस्सा आता सगळ्यांना पाठ आहे.

तर पावसाळ्याचा हिशेब. अण्णांनी तो कॅलेंडरवर पेन्सिलीने ठेवलाय. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नऊ वेळा सिग्नल गेला, सगळ्यात जास्त वेळ वीस मिनिटं, जुलैतल्या त्या अतिवृष्टीच्या रात्री. तेवढं आम्हाला मान्य आहे. छत्री जागची हललेली नाही. भिंत कोरडी आहे. वाडीतली दोन मुलं संध्याकाळी पीएम ई-विद्याच्या, म्हणजे शाळेच्या अभ्यासाच्या, वाहिन्या बघायला येतात, त्यांच्या इयत्तेची वेगळी वाहिनी आहे, तीही नव्या बॉक्समुळे.

आणि सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी आई टीव्ही बघत असताना चित्र गेलं. एरवी अशा वेळी मला ठाण्याला फोन येतो. त्या दिवशी आला नाही. आईने नंतर सांगितलं, अण्णांनी घड्याळ बघितलं, अकराला पाच कमी होते, कपाटावरचं खोकं काढून तिच्या पुढ्यात धरलं आणि अंगणात जाऊन डोळ्यांवर हात धरून कलमाच्या वर सूर्य कुठे आहे ते बघत उभे राहिले. दहा मिनिटांत चित्र परत आलं.

तुमचे फार फार आभार, दादा. आईने सांगितलंय, पुढच्या वेळी जेवल्याशिवाय निघायचं नाही. कलम यंदा धरेल असं अण्णा म्हणतात. धरलं तर पहिली पेटी तुमची, मे महिन्याच्या पानावर त्यांनी तसं लिहून ठेवलंय.

तुमची,
अण्णांची थोरली लेक