कुत्र्याची कावीळ कळवायची कुणाला?

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

कुर्ल्यात माझा प्राण्यांचा दवाखाना आहे. मागच्या जुलैत चाळीतल्या एक बाई कुत्र्याला जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. तीन दिवस खाणं बंद, उलट्या. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या हळद फासल्यासारख्या. रक्तातलं क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण. भर पावसात असा कुत्रा आला की आम्ही रिपोर्टची वाट बघत नाही, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांकडून माणसांनाही होणारा जंतूंचा आजार) धरूनच उपचार सुरू करतो. सलाईन लावताना तो टेबलावरच मुतला आणि आमचा कंपाउंडर सवयीने फडकं घेऊन धावला. हातात ग्लोव्हज नाहीत, पायात स्लीपर, टाचांना भेगा, आणि लघवीतले जंतू अशा भेगांतूनच शिरतात. मी ओरडलोच त्याच्यावर. (त्या रात्री मला कुत्र्यापेक्षा त्या टाचांची जास्त काळजी होती.)

बाईंच्या घरात दोन लहान मुलं, कुत्रा त्यांच्याच पायाशी झोपणारा. त्यांना लगेच डॉक्टरकडे धाडलं. पण बाकीच्या चाळीचं काय? उंदरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात. कुत्रा ते पाणी तुडवतो, माणसंही तेच तुडवतात. म्हणजे कुठल्या गल्लीत धोका आहे, हे कधी कधी आमच्या टेबलावर आधी कळतं. ते सांगायला मी फोन फिरवले. माणसांचं आरोग्य बघणारे म्हणाले, "कुत्र्यांचं आमच्याकडे येत नाही." जनावरांचं बघणारे म्हणाले, "लेप्टो ना? तो आरोग्यवाल्यांचा विषय."

प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा केंद्रीय कायदा आहे. लेप्टो आणि रेबीज, दोन्ही त्याच्या अनुसूचीत आहेत. मालकाने खबर द्यायची ती ग्राम अधिकाऱ्याला, नाहीतर ग्रामपंचायतीला. साहेब, कुर्ल्यात ग्रामपंचायत कुठून आणू? पशुवैद्याने पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचं, पण माझ्या भागाचे अधिकारी कोण, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोने माणसं गेली. मी तेव्हा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. आता पाणी तुंबलं की लेप्टो टाळायला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घ्या, असं महापालिका आवर्जून सांगते. चांगलंच आहे. त्यात कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांना मात्र कुणी विचारत नाही.

मागणी मोठी नाही. खाजगी पशुवैद्यांसाठी प्रत्येक वॉर्डात एक नंबर द्या आणि तिथे आलेली खबर त्याच दिवशी महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे जाईल, एवढं बघा. नुसता संशय असला तरी नोंद घ्या. पक्क्या तपासणीचे पैसे चाळीतला माणूस कुठून भरणार, आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं कशाला? फॉर्म असलाच तर अर्ध्या पानाचा असू द्या. ओपीडीत बाहेर दहा कुत्री भुंकत असताना त्याहून मोठा फॉर्म कुणी भरणार नाही, मीसुद्धा नाही.

आपला,
कुर्ल्यातला एक पशुवैद्य