मारुती, पुन्हा नानाच आले

सातारा, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मारुती,

रामराम. आठ महिने पत्र नाही, फोनवर नुसतं 'बरं आहे' एवढंच. तू रागावला असशील तर रागव, पण आधी हे वाच, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो डोळे मिटून मान हलवेल.

तात्याच्या थोरल्या पोराच्या लष्करी अपंगत्व पेन्शनच्या दुसऱ्या अपिलाचं उत्तर परवा आलं. पुन्हा नानाच. गावात नाना म्हटलं की पारावर पाय पसरून बसलेला माणूस, आणि आपल्या लष्करी कागदांत नाना म्हणजे दुखणं 'सेवेमुळे झालेलं नाही, सेवेनं वाढलेलंही नाही'. इंग्रजी चार अक्षरांत माणसाची १८ वर्षं गुंडाळली. तात्याला वाटतंय की नाना नावाच्या कुणा साहेबानं सही केली आहे. त्याला भेटायला पुण्याला जाऊ म्हणतो. हसू नकोस. मी हसलो, मग वाईट वाटलं.

केस तुला माहीत आहे, तरी पुन्हा मांडतो, कारण चूक कुठं झाली ते तूच ओळखशील. कमरेच्या मणक्यांमधली गादी, एल-४ एल-५. २०२३ च्या जुलैअखेर डिस्चार्ज. रिलीज बोर्डानं, म्हणजे सुटताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळानं, अपंगत्व २० टक्के आयुष्यभरासाठी धरलं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं की हा झिजेचा आजार आहे, सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत झाली, सेवेतल्या ताणाचा संबंध नाही. हे वाक्य तू किती वेळा टाइप केलं असशील? माणूस बदलतो, युनिट बदलतं, वाक्य तेच. पहिल्या अपिलाच्या उत्तरात तेच, दुसऱ्याच्या उत्तरातही तेच. स्वल्पविरामसुद्धा हलला नाही.

आता गंमत बघ. पीस स्टेशनला काय झालं? एमआरआय झाला. दुखणं त्याच्या दोन वर्षं आधी कुपवाड्यात सुरू झालं होतं. पाठीवर लोड घेऊन उतरताना पाय घसरला, आरएमओनं, युनिटच्या डॉक्टरनं, गोळ्या दिल्या, तीन दिवस अटेंड सी, म्हणजे ड्युटी माफ, चौथ्या दिवशी पोरगं पुन्हा गस्तीवर. मोडलं काही नाही, म्हणून इंज्युरी रिपोर्ट भरला नाही. तो कागद नसल्यामुळं आता ते दुखणं घडलंच नाही असं ठरलं. म्हणजे आजार सापडला ती जागा हीच आजार सुरू झाल्याची जागा. या न्यायानं ज्या गावी एमआरआयचं मशीन आहे तिथंच सगळ्यांच्या पाठी बिघडतात.

आणि पोरानं स्वतः काय केलं? एएफएमएसएफ-१६, म्हणजे रिलीज बोर्डाचा फॉर्म, त्याच्या पहिल्या भागात पोस्टिंगची यादी लिहायची असते. त्यानं बटालियनची ठिकाणं लिहिली, राष्ट्रीय रायफल्सची अडीच वर्षं लिहिलीच नाहीत. का? तर 'ती अटॅचमेंट होती ना काका'. दुखणं सेवेमुळं झालं असं वाटतं का, या प्रश्नापुढं एकच शब्द, 'नो'. क्लिअरन्सची घाई, घरी जायची ओढ, क्लार्क म्हणतो इथं सही कर, तिथं सही कर. तू म्हणायचास ते खरं आहे. जवानाची पेन्शन हॉस्पिटलात जात नाही, ती त्या पहिल्या पानावर जाते.

पैशाचं सांगतो म्हणजे तुला वजन कळेल. शेवटचं मूळ वेतन आणि एमएसपी (लष्करी सेवा वेतन) मिळून ४५,००० धर. शंभर टक्के अपंगत्वाला त्याचे ३० टक्के, म्हणजे १३,५००. वीस टक्क्यांना २,७००. पण ब्रॉड बँडिंगनं पन्नासच्या आतलं सगळं पन्नास धरायचं, म्हणजे ६,७५०. वर महागाई सवलत वेगळी. ऑगस्ट २०२३ पासून आजपर्यंत २८ महिने, नुसत्या मूळ रकमेचे १,८९,००० झाले. सर्व्हिस पेन्शन त्याला मिळतेच आहे, तो उपाशी नाही, हे मी तुझ्याआधीच मान्य करतो. पण सिक्युरिटीची नोकरी त्यानं तीन महिन्यांत सोडली, कारण बारा तास उभं राहता येत नाही. त्या उभं न राहण्याचे ते पैसे आहेत.

आता तुझं जुनं तुणतुणं ऐकू येतंय मला. 'रिटायरमेंटला दोन वर्षं उरली की सगळ्यांना बीपी होतं.' बरं, धरू तुझं. कॅगनं २०२३ च्या अहवालात आकडे दिले आहेत. दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के अपंगत्वाची पेन्शन घेऊन गेले, जवान आणि जेसीओंपैकी (सुभेदार वगैरे) १५ ते १८ टक्के. तुझ्यासारख्यानं हे वाचलं की टेबलावर मूठ आपटायची आणि म्हणायचं, बघ. बघितलं. त्यात शुगर आहे, बीपी आहे, ऑफिसात बसून वाढलेलं पोट आहे. जुन्या पद्धतीत साध्या बीपीला बोर्ड सहसा ३० टक्के द्यायचं आणि त्याचे पन्नास व्हायचे. यावर कुणी बोट ठेवलं तर ते बोट मी मोडणार नाही. पण मारुती, नियम आवळले की पहिला कोण गळतो? ज्याला कागद लिहिता येतो तो नाही. ज्यानं 'नो' लिहिलं तो.

सातव्या वेतन आयोगाच्या वेळी आपलं भांडण झालं होतं, आठवतंय ना, एसटी स्टँडवर, भजी गार होईपर्यंत. आयोगानं २०१५ मध्ये टक्केवारी काढून ठोक दर सुचवला. शंभर टक्क्यांना अधिकाऱ्याला २७,०००, जेसीओला १७,०००, जवानाला १२,०००. तू म्हणालास, ठोक दर बरा, हिशेब सोपा. मी म्हणालो, मणका एकच आणि दर तीन, हे कसलं सोपं? शेवटी मे २०१७ मध्ये मंत्रिमंडळानं टक्केवारीच परत आणली. तेव्हा मी जिंकलो असं समजलो होतो. आता वाटतं, तेव्हाही आपण दोघं रकमेवरच भांडत होतो. खरा फास मंजुरीच्या रकान्यात होता.

तो रकाना कसा फिरत गेला बघ. १९८२ च्या नियमांत गृहीतक साधं होतं. भरतीच्या वेळी डॉक्टरनं काही नोंदवलं नसेल तर माणूस धडधाकट होता, नंतर बिघडला तो नोकरीत बिघडला, शंका असेल तर फायदा जवानाला. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये हेच उचलून धरलं. सिग्नल्सचा शिपाई, फिट येऊ लागल्या म्हणून ९ वर्षांनी २० टक्क्यांवर बोर्ड आउट केलेला, म्हणजे अनफिट ठरवून घरी पाठवलेला. कोर्ट म्हणालं, सेवेशी संबंध नाही म्हणता तर कारण लिहा. मग डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरण आलं आणि ब्रॉड बँडिंग मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही मिळालं. पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, तिनंही सांगितलं की असली अपिलं सरकारनं लढत बसू नये. गोव्याच्या माणसाला कळलं ते पुढं फाइलमध्येच राहिलं.

पण २००८ च्या नियमांत ते गृहीतक पातळ केलेलं होतं. नोकरीत असताना आजार दिसला एवढ्यावर तो नोकरीमुळं झाला असं होत नाही, दोन्हींत कार्यकारण दिसलं पाहिजे, अशी भाषा आली. आपला थोरला या नियमांत बसतो. त्यामुळं वकिलानं नुसतं धरमवीर धरमवीर म्हणून चालणार नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं. त्याच्या उपयोगाचा निकाल यंदाच्या मार्चमधला दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. तो २००८ च्या नियमांवरचाच आहे. सुरुवात पीस स्टेशनला झाली एवढं म्हणून बोर्डाला हात झटकता येत नाहीत, आजार सेवेमुळं नाही तर कशामुळं ते सांगावं लागेल, असा त्याचा रोख आहे. एप्रिलमध्ये बिजेंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही बोर्डाच्या कारणांवरच बोट ठेवलं. आणि जुलैमध्ये दिल्लीलाच सरकारच्या जवळपास ३०० याचिका एका फटक्यात फेटाळल्या. तीनशे, मारुती. प्रत्येकामागं एक तात्या.

वाट सरळ आहे. उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणात अर्ज. उशीर माफ होतो, पण तो मागावा लागतो, आणि उशिरा गेलं की २००८ च्या तरसेम सिंग निकालावर बोट ठेवून सरकार म्हणतं, थकबाकी तीन वर्षांचीच द्या. म्हणून थांबायचं नाही. अर्जाला काय जोडायचं? एएफएमएसएफ-१६ ची पूर्ण प्रत, तिच्यातला बोर्डाच्या मताचा भाग फाटका किंवा अर्धा नको. वैद्यकीय कॅटेगरी पहिल्यांदा खाली आली तेव्हाच्या बोर्डाचा फॉर्म, एएफएमएसएफ-१५, कारण पुष्कळदा त्यात स्पेशालिस्ट रुग्णाच्या तोंडचा इतिहास लिहितो आणि तिथं 'दोन वर्षांपासून दुखतं' हे वाक्य सापडतं. दोन्ही अपिलांची उत्तरं शेजारी शेजारी, म्हणजे तोच मजकूर न्यायाधीशांना दिसेल. डिस्चार्ज बुक. आणि राष्ट्रीय रायफल्सच्या काळाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या नोंदीचा आदेश, ती यादीत राहिलेली अडीच वर्षं भरून काढायला. नसेल ते माहिती अधिकारात मागायचं. मागताना 'सर्व वैद्यकीय कागद द्या' असं मोघम लिहू नये, उत्तरही मोघमच येतं. फॉर्मचं नाव, साल, हॉस्पिटल असं तोडून लिहायचं.

आणि यासाठीच मुख्यतः हे पत्र. आरएमओच्या एमआय रूममधलं, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातलं, सिक रिपोर्टचं बुक. त्या तीन दिवसांच्या अटेंड सीची नोंद कुठं तरी असणार. युनिट हललं की ते बुक कुठं जातं, किती वर्षं ठेवतात, जाळायच्या आधी कुणाची सही लागते, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ती एक ओळ मिळाली तर 'सुरुवात पीस स्टेशनला' हे वाक्य उभंच राहत नाही. तीन दिवसांच्या गोळ्यांची एक ओळ.

आता धाकट्याचं. त्याची भीती जास्त आहे. तो पुढच्या वर्षी सुटतो, म्हणजे २१ सप्टेंबर २०२३ च्या नव्या नियमांत. एकाच चुलीवर जेवलेली दोन पोरं, पण एकाचा कायदा वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा. नव्यात, अपंगत्व असूनही नोकरीत ठेवलेला आणि मुदत भरून बाहेर पडणारा जो माणूस आहे, त्याच्या पैशाला आता डिसॅबिलिटी एलिमेंट न म्हणता इम्पेअरमेंट रिलीफ म्हणायचं. डॉक्टरांची मार्गदर्शिकाही नवी आली, बीपी-शुगरचे निकष कडक केले. सरकार म्हणतं खऱ्याला धक्का नाही. असेलही. पण खरा कोण ते ठरवणारा रकाना तोच आहे आणि त्यात लिहायची सवय तीच आहे. सुधारणा करायचीच होती तर बोर्डाला सांगायचं होतं की मताखाली निदान पाच ओळी कारण लिहा, पोस्टिंगची यादी जवानाकडून न घेता रेकॉर्डमधून घ्या, आणि पहिला भाग त्याच्या भाषेत भरून घ्या. यात एक रुपयाही खर्च नव्हता. उलट वकिलांचे वाचले असते.

धाकट्याला मी आत्ताच सांगून ठेवलंय. पायरीवरून पडला तरी इंज्युरी रिपोर्टचा फॉर्म, आयएएफवाय-२००६, भरून घे. रजेवर येता-जाता काही झालं तर तिकीट फेकू नकोस, प्रवासातलं धरतात, गावात मोटारसायकलवरून पडलेलं धरत नाहीत. छातीचं काही झालं तर आधीच्या चौदा दिवसांच्या ड्युटीचा तक्ता युनिटकडून लगेच लिहून घे, नंतर कुणाला आठवत नाही. तो म्हणाला, काका, अपशकुनाचं का बोलता. त्याची आई तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

यावरून आठवलं. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ट्रेनिंगमध्ये जायबंदी झालेल्या कॅडेटांचा विषय ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपणहून घेतला, तुझ्या वाचनात आला असेल. ती पोरं माजी सैनिकही धरली जात नव्हती, कारण कमिशन व्हायच्या आधीच पडली. आता ईसीएचएसमध्ये, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, घेतलं म्हणे. आणि अग्निवीराला तर पेन्शनच नाही, शंभर टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५, ५० ला १५.  तुझ्या पुतण्याला भरती करायच्या आधी हे वाच.

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. बीपीची गोळी चालू, आणि नाही, त्यावर मी पेन्शन मागितलेली नाही, तुझा टोमणा आधीच परत करतो.

वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? मोबाइलवर फोटो आला होता, पण त्यात तूच जास्त होतास. छकुलीच्या लग्नाची तारीख ठरली की कळव, आहेर आधीच घेऊन ठेवलाय. विहिरीला पाणी लागलं हे बरं झालं. पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर हयातीचा दाखला या महिन्यात टाक, गेल्या वर्षीसारखं डिसेंबरात बोंबलू नकोस.

सिक रिपोर्ट बुकाचं मात्र आठवड्यात कळव. वकिलाला कागद पंधरा दिवसांत द्यायचेत. फोन केलास तरी चालेल, पण दुपारी कर. संध्याकाळी तात्या इथं येऊन बसतो आणि नाना साहेबांचा पत्ता मिळाला का विचारतो.

तुझा,
शंकर