योगेशला, फ्लूच्या लशीबद्दल

जून 2025

चि. योगेश यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "ऑफिसात फ्लूच्या लशीचा कॅम्प होता, मी नाही घेतली. कोविडच्या घेतल्या तेवढ्या पुष्कळ झाल्या." मी काही बोलायच्या आत तुझी मीटिंग लागली. म्हणून कागदावर लिहितोय, ताई फोटो काढून पाठवेल. जेवताना वाचलंस तरी चालेल, पण वाच.

कोविडच्या लशीने फ्लू अडत नाही. विषाणू वेगळा, लस वेगळी. आणि फ्लूची एकदा घेतली की सुटलो, असंही नाही. तू कापूसवाल्याचा पोरगा, तुला बोंडअळीवरून सांगतो. 2002 ला बीटी बियाणं आलं, अळी हटली, आपण निवांत झालो. मग गुलाबी अळी त्या वाणाला सरावली आणि 2017 ला तिने बोंडं कशी आतून पोखरली, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. फ्लूचा विषाणूही रूप बदलतो, आणि तो तर दर साल. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बसून ठरवते की लशीत कोणते विषाणू घालायचे: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो आणि पुन्हा हिवाळा सरताना. आपले डॉक्टर दक्षिण गोलार्धाची लस पावसाळ्याच्या तोंडाशी देतात. खोक्यावर साल आणि गोलार्ध दोन्ही छापलेलं असतं. तेवढं वाचून घे, गेल्या सालची टोचून घेऊ नकोस.

तुझा खरा राग कोविशिल्डवर आहे, हे मला ठाऊक आहे. तर तेही बोलून टाकू.

1 मार्च 2021 ला साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली, त्याच महिन्यात मी घेतली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर सकाळपासून रांग, हातात आधार कार्ड आणि शुगरची फाईल. ओटीपी शेजारच्या पोराच्या मोबाईलवर यायचा आणि पोरगा नेमका केळीच्या गाडीवर गेलेला. पण माझ्या लक्षात राहिली ती बाटली. अंगठ्याएवढी काचेची बाटली, तिच्यात दहा माणसांचे डोस. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. म्हणून सिस्टर दहा माणसं जमल्याशिवाय बाटलीला हात लावत नव्हत्या. आम्ही आठ जण. आशाताई रस्त्यावर जाऊन हाका मारत होत्या, "अजून दोन म्हातारे पाहिजेत!" समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेले दोघं उठून आले. त्यातला एक घरी बायकोला न सांगता आला होता, कारण गावात उठलं होतं की लस लिधी का दोन सालमा माणूस मरस. तो आजही रोज पारावर बसून पत्ते कुटतो.

टोचल्यावर अर्धा तास लिंबाखाली बसवलं. रात्री थंडी वाजून ताप आला, अंग ठेचल्यासारखं झालं. पॅरासिटामोल घेतली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेतात चक्कर मारून आलो. तुझ्या आईने एप्रिलमध्ये पंचेचाळिशीच्या वरच्यांना सुरू झाल्यावर घेतली, तिचा फक्त दंड दुखला. एकाच घरात एकीला काही नाही आणि एकाला ताप. तुला ताप जास्त आला होता, त्याचा अर्थ तुझं शरीर बिघडलं असा होत नाही.

दुसऱ्या डोसचा मात्र ताप झाला, तो वेगळ्या अर्थाने. आधी सांगितलं सहा ते आठ आठवडे. गेलो तर लस संपलेली. पुन्हा गेलो तर 13 मे ला नियम बदललेला, आता बारा ते सोळा आठवडे. त्या उन्हात रिकाम्या हाताने परत आलेली माणसं काय काय बोलत होती, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. बाहेर तेव्हा दुसरी लाट होती आणि गल्लीत रोज कुणाच्या तरी जाण्याची बातमी. त्यावर जास्त लिहीत नाही, तू तेव्हा घरीच होतास.

पुढे जानेवारी 2022 मध्ये आम्हा दोघांचा घसा धरला, ताप आला, टेस्ट पॉझिटिव्ह आली. घरातच निभावलं. लशीमुळे, की ओमायक्रॉनच मुळात सौम्य होता म्हणून? आपल्या एका घरावरून ते सांगता येत नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आता 2024 ची ती बातमी. कोविशिल्ड मुळात ज्या कंपनीची, तिने इंग्लंडच्या कोर्टात मान्य केलं की त्यांच्या लशीने फार क्वचित रक्ताच्या गाठी होऊ शकतात. तुझ्या ग्रुपवर आली तशी आमच्या पारावरही आली. बातमी खोटी नाही, कुणाला खोटी म्हणूही नकोस. पण लोकांनी ती अर्धीच वाचली. गाठी होतात आणि सोबत प्लेटलेट कमी होतात, असा तो आजार आहे. तो अगदी विरळा, आणि होतो तेव्हा लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत होतो. आपण टोचून घेतलं 2021 ला. आज गावात कुणाला हार्ट अटॅक आला की लोक लशीवर ढकलतात. त्याची तंबाखू, त्याची शुगर, त्याचं बीपी कुणी विचारत नाही. मागच्या महिन्यात पुन्हा कोविडच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हाही तेच. तू कोविडचा आणखी डोस घे असं मी म्हणत नाही, तो तुझ्या डॉक्टरचा प्रश्न. फ्लूच्या लशीला मात्र त्या भांडणात ओढू नकोस. आपल्याकडे दंडात टोचतात ती बहुतेक मेलेल्या विषाणूची असते, तिच्यातून फ्लू होत नाही.

मी ती का घ्यायला लागलो, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. 2023 च्या मार्चमध्ये पेपरात एच3एन2 नावाच्या फ्लूच्या बातम्या होत्या तेव्हा मी आजारी पडलो. तपासणी केली नाही, म्हणून तोच होता असं म्हणत नाही. ताप गेला, पण खोकला हटेना आणि शुगर जी वर गेली ती गोळ्यांना जुमानेना. डॉक्टर म्हणाले, "आप्पा, शुगरवाल्याने ही दर वर्षी घ्यावी." ती सरकारी रांगेतली नव्हती, मेडिकलमधून विकत आणली, साधारण दोन हजारांना. मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या वर. दुकानदाराने थर्माकोलच्या डब्यात गार पिशवी ठेवली, मध्ये पुठ्ठा घातला आणि म्हणाला, "सरळ दवाखान्यात जा, रस्त्यात रसवंतीवर थांबू नका." ही लस दोन ते आठ अंशांत ठेवायची, आणि गोठली तरी वाया जाते, म्हणून तो पुठ्ठा. मोटरसायकलवर डबा पोटाशी धरून गेलो. दंड दुखला तेवढंच. सर्दी-पडसं त्यानंतरही झालंच, त्याला ही लस नाहीच. फ्लू झाला तरी तो छातीत उतरू नये, एवढ्यासाठी ती.

आजीची गंमत ऐक. डॉक्टरांनी विचारलं, अंड्याची ॲलर्जी आहे का, कारण ही लस बहुधा कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली असते. माळकरी बाई, मी म्हटलं आता उठून चालायला लागते. तर म्हणाली, "औषधले कसानं सोवळं?" आणि पदर सरकवून दंड पुढे केला.

आता मुद्द्याचं. दिवाळीच्या सुमारास तुझ्या घरी बाळ येणार. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. आईने गरोदरपणात घेतली तर तिचं संरक्षण थोडंफार बाळाकडे जातं, म्हणून सूनबाईला तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारायला सांग. त्या बहुतेक हो म्हणतील, गरोदर बायकांना ती आवर्जून द्यावी असंच सांगितलं जातं. आणि तू? लोकलमध्ये, ऑफिसात, कॅन्टीनमध्ये फिरून रात्री त्याच हातांनी बाळ उचलणार. दुबळेपणा तुझ्यात नाही, पण खोकला घरात तूच आणशील.

लस घेतल्यावर अंगात जोर धरायला दोनेक आठवडे लागतात. श्रावणात कानबाईच्या सणाला तुम्ही येणार, घर पाहुण्यांनी भरलेलं असणार, तेव्हा ह्याच महिन्यात उरकून घे. ऑफिसचा कॅम्प गेला तर दवाखान्यात जा. दोन हजारांसाठी मागेपुढे पाहू नकोस, पाहिजे तर मी पाठवतो. डाव्या दंडात घे, आणि शुक्रवारी घे, म्हणजे अंग दुखलंच तर शनिवार-रविवार हाताशी आहेत.

तुझा,
आप्पा

ता. क. आई विचारते, डोहाळजेवण तिकडे करायचं की इकडे. इकडे असेल तर भरिताची वांगी आधी सांगून ठेवावी लागतील.