मावशी, तुमच्या अर्ध्या तिकिटाबद्दल

मावशी,

तुम्हाला बारीक अक्षर लागत नाही, नातीकडून वाचून घ्या. भावानं स्वतःच्या फायद्याचं करवून घेतलेलं आईचं ते मृत्युपत्र कोर्टानं मान्य केलं नाही. फोनवर मी नुसतीच रडले, धड आभारही मानले नाहीत, म्हणून हे लिहितेय.

आईकडे काम करताना जे पाहिलं त्याची साक्ष द्यायला आलात, त्या दिवशी मी तुमच्यावर चिडले होते, हे आधी कबूल करते. आदल्या रात्री 'गाडी पाठवते' म्हटलं तर नको म्हणालात. सकाळी साताऱ्याच्या कोर्टात आलात ते थेट पलीकडच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बसलात. मी चहा आणला तर नुसती मान हलवलीत. मला वाटलं, झालं, भावानं यांनाही फिरवलं. तोवर इतके फिरलेले पाहिले होते! चुलते म्हणाले, 'कशाला माहेर तोडतेस?' आईला धड न तपासताच 'मानसिक स्थिती उत्तम' लिहून देणारे डॉक्टर फोन उचलेनात. आणि आमचे पहिले वकील! 'रजिस्टर्ड आहे हो, आता काही होत नाही,' एवढं ऐकायला मी दोन वर्षं फी भरली. नुसत्या नोंदणीनं संशय फिटत नाही. ज्यानं पुढे होऊन मृत्युपत्र करवून घेतलं आणि त्यातलं घबाडही ज्यालाच मिळालं, त्यानंच तो फेडायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५८ सालीच सांगून ठेवलंय. मला कळलं ते दुसऱ्या वकीलबाईंकडून.

मग भावाच्या वकिलांनी घेतलेली तुमची उलटतपासणी. 'यांच्याच गाडीतून आलात ना?' तुम्ही कमरेची चंची सोडलीत, चार घड्यांचं तिकीट काढलंत. 'साडेसातची वाई-सातारा. बायकांना अर्धं असतं, ते माझं मी काढलं.' तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चहा का नको होता तेही.

'कामावरून काढलं म्हणून राग काढताय?'

'काढलं नाही. आई गेल्या, काम संपलं.'

कमरेचं हाड मोडल्यापासून आईला पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घ्यावा लागायचा, आमचे फोन तिला दिले जात नव्हते, हे आम्हा बहिणींना थोडंफार ठाऊक होतं. 'सही कर, नाहीतर उद्याच आश्रमात टाकतो,' ही भावाची धमकी मात्र तुमच्याकडूनच कळली. ते ऐकताना तव्यावरची भाकरी करपली, हेही तुम्ही सांगून टाकलंत. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली ती तेव्हाच. वकीलबाई म्हणतात, १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यातलं ६१ वं कलम यासाठीच आहे. माणसाची स्वतःची मर्जीच उरू नये इतका तगादा लावून करून घेतलेलं मृत्युपत्र टिकत नाही. असेल. मला ती भाकरीच आठवत राहते.

तुमचा एक रोज बुडाला, तोही तुम्ही घेतला नाहीत. शिकलेसवरलेले, आमचं मीठ खाल्लेले सगळे गप्प बसले, आणि बोललात तुम्ही, जिला या घरातून वाटीसुद्धा मिळणार नव्हती.

आईची जांभळी इरकल माझ्याकडे आहे, ती तुमची. रविवारी घेऊन येते. गाडी नाही आणत, साडेसातचीच एस्टी उलटीकडून असेल ना?