विषय: सामान नेण्यासाठी लिफ्ट आणि सदनिका ३०३ ची हरकत

प्रति,
मा. अध्यक्ष,

महोदय,

सदनिका ३०४ आम्ही तिघे भाडेकरू महिनाअखेरीस सोडत आहोत. बाकी दोघांचं सामान बिनबोभाट गेलं. माझी इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची खोकी मात्र वॉचमनने अडवली, कारण ३०३ च्या काकांनी त्याला ‘आत केमिकल आणि स्फोटक बॅटऱ्या आहेत’ असं सांगितलं. गेटपासचा अर्ज सेक्रेटरींकडे पडून आहे, स्मरणपत्रालाही उत्तर नाही. तेव्हा खोक्यांत काय आहे ते लेखीच देतो.

बॅटऱ्या म्हणजे लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधले १८६५० सेल, म्हणजे बोटाएवढे लिथियम-आयन सेल. ते ३.७ ते ३.८ व्होल्टवर, म्हणजे अर्धवट चार्ज ठेवलेत, टोकांना इन्सुलेशन टेप लावून प्लास्टिकच्या होल्डरमध्ये. सुटे सेल स्क्रू आणि जम्पर वायरींच्या डब्यात टाकले तर शॉर्ट होऊन पेटू शकतात. इथे तसं काही नाही. फुगलेले सेल सामानात घेतलेलेच नाहीत. एसएमपीएसमधले (वीजपुरवठ्याच्या सर्किटमधले) ४०० व्होल्टचे, वीज साठवणारे कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामे करून मल्टिमीटरने तपासलेत. (काकांचा सल्ला होता, स्क्रूड्रायव्हर टेकवून बघ. तो ऐकला असता तर ज्या ठिणग्यांची ते तक्रार करतात त्या खरंच उडाल्या असत्या.)

‘केमिकल’ म्हणजे वापरलेलं फेरिक क्लोराइड, सर्किट बोर्डवरचं नको असलेलं तांबं काढायचं द्रावण. त्यात तांबं विरघळलेलं असतं, म्हणून मोरीत ओतायचं नसतं. धुण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत थोडाथोडा घालून, गाळ बसवून ते बंद बाटलीत ठेवलंय. त्यामुळे मोरीच्या वासाचं खापर आमच्यावर नको. सोल्डरिंगच्या धुराचंही तेच. ३५० अंशांना शिशाची वाफ होत नाही, दिसतो तो फ्लक्समधल्या राळेचा धूर.

राहिला प्रश्न काकांच्या घरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडण्याचा. ती स्वतःच्या पुढच्या वायरिंगमधली ३० मिलिअँपिअरची गळती ओळखते, शेजारच्या घरातली नाही. गीझर तपासा, असं वारंवार सुचवलं. उत्तर म्हणून गच्चीवरच्या अँटेनाची तक्रार आली, मग पार्किंगची. मजल्यावर इतर कोणाचीही हरकत नाही. ३०२ च्या काकूंनी तर मिक्सर आमच्याकडूनच दुरुस्त करून घेतला.

रविवारी सामान हलवू नये हा नियम मला ठाऊक आहे, पण तो फर्निचरच्या आवाजासाठी आहे, खोक्यांसाठी नव्हे. ‘पॅसेजमध्ये वस्तू ठेवू नयेत’ हा नियम मात्र नोटीसबोर्डवर ठळक अक्षरांत आहे, आणि काकांची चपलांची रॅक आहे तिथेच आहे.

खोक्यातल्या जुन्या ऑसिलोस्कोपच्या (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या) पिक्चर ट्यूबची मान धक्क्याने फुटते, म्हणून जिना नको. येत्या रविवारी ९ ते १२ लिफ्ट मिळावी. ती न मिळाल्यास खोकी पॅसेजमध्येच ठेवावी लागतील. रॅकशेजारी जागा आहे.

आपला,
सदनिका ३०४ मधील रहिवासी