आई, सईच्या सायकलीबद्दल

हाउटन (नेदरलँड्स), ६ मे

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा ‘बरं, तुमचं तुम्ही बघा’ म्हणून तू फोन बाबांच्या हातात दिलास, तेव्हाच ठरवलं की आता हे पत्रातच लिहायचं. फोनवर आपल्या दोघींची जुंपते आणि बाबा बिचारे मधल्या मध्ये ‘हॅलो, हॅलो’ करत बसतात. पत्र पोचेपर्यंत तुझा रागही उतरलेला असेल.

तर सई. उन्हाळ्याची सुट्टी संपली की ती हायस्कूलला जाणार. शाळा उट्रेख्ट शहराच्या अलीकडच्या टोकाला, घरापासून सात किलोमीटर, आणि ती सायकलनेच जाणार. पावसातही, डिसेंबरात सकाळी मिट्ट काळोख असतो तेव्हाही. एकटी नाही गं. आसपासच्या चार पोरी साडेसातला कोपऱ्यावर भेटून एकत्र निघणार. इथे बारा वर्षांची मुलं अशीच जातात. मीही आधी बसचा पास काढू म्हणाले होते, तर सईने असा चेहरा केला की जणू मी तिला पाळण्यात घालून पाठवतेय.

तू विचारलंस, ‘रस्त्यावरचं तिला काय कळतं?’ तर ऐक. गेल्या महिन्यात तिच्या वर्गाची रहदारीची परीक्षा झाली. आधी लेखी, मग खरोखरच्या रस्त्यावर सायकल चालवून. त्याआधी सायकलींचीही तपासणी झाली. घंटी, ब्रेक, पुढे पांढरा दिवा, मागे लाल, रिफ्लेक्टर. सईचा मागचा दिवा आदल्या रात्रीच गेला आणि निनाद अकरा वाजता स्वयंपाकघरात सायकल उलटी करून वायरी शोधत बसला होता. माझ्या कणकेच्या डब्याशेजारी ग्रीसचा डबा. जाऊ दे.

परीक्षेच्या दिवशी ठरलेल्या वाटेवर जागोजागी पालक उभे करतात. मला चार नंबरची जागा मिळाली. तिथे सायकलचा रस्ता एका गल्लीला मिळतो आणि जमिनीवर पांढरे त्रिकोण रंगवलेले आहेत. त्यांना इथे शार्कचे दात म्हणतात. दात आपल्याकडे रोखलेले असले की थांबायचं, समोरच्याला जाऊ द्यायचं. माझ्या हातात पॅड, अंगात रेनकोट आणि समोरून छातीवर नंबर लावलेली पोरं थोड्या थोड्या अंतराने येतायत. इथे उजवीकडून चालायचं असतं, म्हणून डावीकडे वळणं अवघड. आधी डाव्या खांद्यावरून मागे बघायचं, मग हात काढायचा, मग वळायचं. तिन्ही केलं का, एवढंच मी लिहायचं.

सतरा नंबर सई. मला ओळखतच नाही असा चेहरा. हात काढला, अगदी सरळ, झेंडावंदनाला उभी असल्यासारखा. पण मागे बघितलंच नाही. मी पेन हातात धरून उभी. सांगलीतल्या शाळेत वही तपासताना तू माझेच दोन मार्क जास्त कापायचीस ते आठवलं, आणि फुली मारली. पास झाली ती, पण रात्री जेवेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आता मात्र वळताना मान इतकी फिरवते की मलाच वाटतं, पुढचं कोण बघणार!

बाकी रस्त्याचं म्हणशील तर हाउटन हे गावच वेगळं आहे. साठ वर्षांपूर्वी हे चार-पाच हजार वस्तीचं खेडं होतं, आता पन्नास हजारांचं झालंय. गाव वाढवायचं ठरलं तेव्हा आखणाऱ्याने सायकलीचे रस्ते गावाच्या मधून नेले आणि मोटारींना बाहेरचा रिंगरोड दिला. आपल्या विश्रामबागेतून गावभागात जायला आधी पार सांगलीबाहेर जाऊन वळसा घालून परत आत यायचं, असं मोटारीचं. सायकल मात्र सरळ. शनिवारी बाजाराला मी सायकलने निघते, निनाद गाडी काढतो. तो येतो तेव्हा माझी कोथिंबीर घेऊन झालेली असते. काही रस्त्यांवर पाटीच आहे, की हा सायकलचा रस्ता, मोटार इथे पाहुणी. आणि पाहुणी खरंच पाहुण्यासारखी वागते, मागून हॉर्न न वाजवता हळूहळू येत राहते. स्टेशनच्या खाली सायकलींचा तळ आहे, तीन हजारांच्या वर सायकली मावतात. जिन्याने वर गेलं की फलाट.

हे लोक मुळातच शहाणे, असं मात्र समजू नकोस. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून सांगत होत्या. त्यांच्या तरुणपणी इथेही जिकडेतिकडे मोटारी झाल्या होत्या. १९७१ साली एका वर्षात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेच्या वर मुलं. मग आईबाप रस्त्यात येऊन बसायला लागले, रस्ते अडवायला लागले. ‘मुलांचे खून थांबवा’ असं त्या चळवळीचं नावच होतं. त्यातच १९७३ चा तेलाचा तुटवडा आला आणि सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. आजी म्हणाल्या, आम्ही हायवेवरून चालत फिरलो, कुणी रोलर स्केट घातले, कुणी घोडे आणले. सांगताना त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली होती. कायदाही आता असा आहे, की चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला मोटारीचा धक्का लागला तर भरपाई जवळपास नेहमी मोटारवाल्याच्या विम्यातूनच जाते. चूक मुलाची असली तरीसुद्धा.

आता तुझ्यापासून लपवत नाही. काळजी मलाही वाटते. हेल्मेट इथे सक्तीचं नाही आणि जवळजवळ कुणीच घालत नाही, ते तू व्हिडिओवर बरोबर हेरलंस. सई माझ्यासमोर घालून निघते आणि कोपऱ्यावर काढून हँडलला अडकवते, हे मला ठाऊक आहे. हल्ली जाड टायरच्या बॅटरीवाल्या सायकली निघाल्यात, पोरं त्या काहीतरी करून वेगात पळवतात. त्यांचा मला मोटारींपेक्षा जास्त राग येतो. सायकल चालवताना मोबाइल हातात धरायला २०१९ पासून बंदी आहे. तरी कॉलेजची पोरं धरतातच.

आणि नोव्हेंबरात मी पडले होते, ते तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं. ओल्या पानांवरून वळताना चाक घसरलं. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. पण हँडल वाकडं झालं. एक म्हातारे गृहस्थ थांबले, एक शब्द न बोलता पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं आणि दोन्ही हातांनी हँडल पिळून सरळ केलं. बाबा, अगदी तुमच्यासारखं! नंतर एक डोळा मिटून हँडल आणि चाक एका रेषेत आलं का तेही बघितलं. मी त्यांना मराठीतूनच थँक्यू म्हणणार होते.

बाबा, तुम्हाला इथली सायकल आवडेल. चेन पूर्ण झाकलेली, म्हणजे पँटला क्लिपा लावायला नकोत. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पदर-ओढणी अडकू नये म्हणून असते तसं झाकण असतं, इथे ते कोटासाठी. बऱ्याच सायकलींना हातात ब्रेकच नसतो, पायडल उलटं दाबलं की थांबते. पहिल्या दिवशी सवयीने पायडल मागे फिरवलं आणि सायकल जागच्या जागी उभी, मी पुढे. कुलपं मात्र दोन लावायची. एक लावलं म्हणून माझी पहिली सायकल गेली. आणि चढ म्हणाल तर नाहीच. पण वारा असा असतो की सपाटीवर घाट लागतो. इथल्या झीलंड प्रांतात समुद्रावर जो मोठा बांध घातलाय, त्यावरून भर वादळात, समोरच्या वाऱ्याला तोंड देत साडेआठ किलोमीटर सायकल चालवायची स्पर्धा असते, तीही बिनगिअरच्या सायकलीवर. वादळ येणार अशी खबर लागली की मगच तारीख सांगतात. तुम्ही मार्केट यार्डातून हळदीचं पोतं कॅरिअरला बांधून यायचात, तुमचा नंबर आला असता.

तेव्हा आई, एक विचारते. उसाच्या हंगामात आयर्विन पुलावरून बाबा मला नळीवर टॉवेल गुंडाळून न्यायचे, समोरून उसाने भरलेल्या गाड्या यायच्या, कठड्याला खेटून जावं लागायचं. त्याबद्दल तू त्यांना एका शब्दानेही बोलल्याचं मला आठवत नाही. आपण स्वतः कधी बसली नाहीस, म्हणून तुला सायकलची भीती जास्त वाटते, असा माझा अंदाज आहे.

म्हणून आता खरं सांगते, का लिहायला बसले. बुधवारी सकाळी मी आमच्या वस्तीच्या केंद्रात जाते. तिथल्या अंगणात बायकांना सायकल शिकवतात, सगळा कारभार फुकट आणि हौसेचा. सीरिया, इरिट्रिया, मोरोक्को, कुठून कुठून आलेल्या बायका, चाळिशीच्या, पन्नाशीच्या. पहिल्या दिवशी सायकलची पायडलंच काढून टाकतात. ते काम माझं. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे बाबांनी शिकवलेलं इथे कामाला आलं.) सीट इतकी खाली करतात की दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. मग पायांनी रेटत, बदकासारखं चालत जायचं. हळूहळू पाय उचलले जातात. तोल सापडला की मग पायडलं परत लावायची. मागून कुणी सीट धरून पळत नाही, ‘सोडू नको, सोडू नको’ची ओरड नाही. सीरियाच्या एक बाई आहेत, दोन नातवंडांच्या आजी. चौथ्या आठवड्यात अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, थांबायचं कसं ते विसरल्या आणि थेट झुडपात. आम्ही धावलो, तर त्या पानांत बसून हसतायत आणि डोक्यावरचा रुमाल सारखा करतायत.

जूनअखेर तुम्ही याल तेव्हा चार बुधवार मिळतात. नाही म्हणायच्या आधी पाचवाही मोजून बघ.

साडी चालेल, पण दोन पंजाबी ड्रेस आणच. पायांत मागे पट्टा असलेली चप्पल हवी. आणि बाबा, हिला भिंतीला पाठ लावून उभी करा आणि दोन पायांच्या मधून जमिनीपर्यंतचं माप टेपने घेऊन सेंटिमीटरमध्ये व्हॉट्सॲपवर कळवा. केंद्रात बुटक्या सायकली तीनच आहेत, मला त्यातली एक आधी सांगून ठेवायला लागेल. माप चप्पल घालून घ्या.

तुमची,
मनू