बाबा, हा फेरफार तुमच्या हातून झालेला नाही

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बाबा लगेच "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहितेय. आधी सांगून टाकते, आमच्याच इमारतीत तळमजल्याचं घर भाड्यानं घेतलंय. अकरा महिन्यांचा करारही झाला. तुम्हाला विचारलं नाही, रागवा. पण बाबांच्या रक्ताच्या कॅन्सरमुळे रक्त वरचेवर तपासायचं, त्यासाठी एसटीत पाच तास अवघडून बसायचं, हे मला बघवणार नाही. लॅब इथून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्यात, कमोड उंच आहे. आई, मागच्या दारी सकाळचं ऊन येतं, तुझी तुळस तिथे छान राहील. गौरीला अण्णाकाका सांभाळतील. गाय विकलेली नाही, विकणारही नाही.

बाबा, तुम्ही रात्री उठून "माझं काय चुकलं" म्हणता, असं आई म्हणाली. त्या रात्रीपासून मलाही झोप नाही.

तुम्ही सातबारा उतरवताना ओळीखाली लाकडी पट्टी धरायचात, नजर घसरू नये म्हणून. मी शेजारी बसून शाईच्या पॅडवर बोटं काळी करायची. पेशीही तेच काम करते. दोन होण्याआधी 46 गुणसूत्रांची नक्कल काढते. मधे तपासणीचे टप्पे असतात, फेरफारावर सर्कलची सही लागते तसे. बिघाड दिसला की काम थांबतं. दुरुस्त झालं नाही तर पेशी स्वतःच मरते. तुमच्या हाडांच्या मगजात कधीतरी एका मूळ पेशीत 9 आणि 22 नंबरची पानं, म्हणजे गुणसूत्रं, फाटली आणि त्यांचे तुकडे अदलाबदल होऊन चिकटले. पानं मोजली तर 46 भरतात. पण जोडावर एक भलतीच नोंद तयार झाली, बीसीआर-एबीएल. एबीएल म्हणजे पेशींच्या वाढीच्या पाटाचं दार, हुकूम आला की उघडायचं, मग मिटायचं. आता ते मिटतच नाही. म्हणून पांढऱ्या पेशी 1,80,000 झाल्या, पानथरी सुजली आणि दोन घासांत पोट भरायला लागलं.

यात तुमच्या खाण्यापिण्याचा दोष नाही, देवाधर्माचा तर नाहीच. आणि आई, तू तोंडानं विचारत नाहीस, पण मला कळतं. हे मगजातल्या पेशीत जन्मानंतर घडलेलं आहे. ते ना माझ्याकडे आलं, ना चिमूकडे जाईल.

आत्याच्या वेळेसारखं हे नाही. या आजारातलं ते खुजं गुणसूत्र, म्हणजे अदलाबदलीत आखूड झालेलं 22 नंबरचं पान, फिलाडेल्फियात 1960 साली दिसलं. पुढे जॅनेट राऊली या डॉक्टरबाईंनी घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांच्या फोटोंची कात्रणं जुळवली आणि 1973 साली 9-22 ची अदलाबदल दाखवून दिली. तुमच्या गोळीतलं औषध, इमॅटिनिब, 2001 मध्ये आलं. ते त्या दाराच्या खाचेत जाऊन बसतं आणि दार अडवतं. 2013 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं त्याचं पेटंट नाकारलं, म्हणून इथल्या कंपन्यांची स्वस्त गोळी मिळते. तेव्हा "पोरीवर भार" हे पुन्हा ऐकायचं नाही मला. नेमानं गोळी घेणारे कितीतरी जण वर्षानुवर्षं शेतीभाती, नोकऱ्या करतायत.

नेमानं मात्र हवी. रोज जेवणानंतर, मोठा तांब्याभर पाण्याबरोबर. एकादशीला आधी भगर, मग गोळी. बरं वाटतंय म्हणून एक दिवसही चुकवायची नाही; ढिलाई झाली की त्या पेशी पुन्हा माजतात आणि गोळीला दाद देईनाशा होतात. डोळ्यांभोवती सूज आली तर मला फोन करा, परस्पर गोळी बंद करू नका. शेजारचा काढा आजपासून बंद. आई, त्यांना वाईट वाटेल, तर माझं नाव सांग.

शनिवारी गाडी घेऊन येते. भांडी, अंथरुणं काही आणू नका, बाबांची जुनी सोलापुरी चादर तेवढी घ्या. आणि ती लाकडी पट्टी. चिमू आता लिहायला लागलीय, तिच्या ओळी वर चढतात.

तुमची,
बेबी